आधी प्रत, मग दुरुस्ती : संगणक-तंत्रज्ञाची विनामूल्य साधने

तंजावरच्या राजवाड्यातील सरस्वती महाल ग्रंथालयात तेथील मराठी राजवटीचे मोडी दफ्तर जपलेले आहे. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात स्थापिलेल्या आणि १८५५ पर्यंत टिकलेल्या या राज्याचे जमाखर्च व पत्रव्यवहार हजाराहून अधिक रुमालांत बांधलेले आहेत. दुसऱ्या सरफोजीराजांनी १७९८ ते १८३२ या आपल्या कारकिर्दीत येथील ग्रंथसंग्रह वाढविला आणि पुष्कळ ग्रंथांवर स्वतःच्या हाताने स्वाक्षरी केली. दक्षिणेच्या दमट हवेत ताडपत्र फार काळ टिकत नाही. ते जीर्ण होण्याआधी त्याची नवी प्रत करणे हाच त्या काळचा जतनाचा मार्ग होता. प्रत करावयाचे राहिले तर ग्रंथ गेला, इतका सरळ हिशेब.

२००३ मध्ये राष्ट्रीय पांडुलिपी मिशन स्थापन झाले आणि हस्तलिखितांची छायाचित्रे संगणकात साठविण्याच्या कामाला देशभर गती आली. आज मोठ्या संस्थाच नव्हेत, तर घरचे जुने कागद सांभाळणारी कुटुंबेही त्यांची छायाचित्रे हार्ड डिस्कवर ठेवतात. कागदाला शत्रू वाळवी. हार्ड डिस्कला शत्रू झिज, धक्का आणि विजेचा लपंडाव. एके दिवशी डिस्क उघडेनाशी होते आणि घरातील माणूस ती घेऊन गावातील संगणक-दुरुस्तीच्या दुकानात जातो. त्या दुकानातील तंत्रज्ञ पहिल्या अर्ध्या तासात काय करतो, यावर पुढचे सारे अवलंबून असते. त्याला लागणारी बहुतेक उत्तम साधने आज विनामूल्य मिळतात. मात्र ती कोणत्या क्रमाने वापरावयाची, हे साधनांपेक्षा महत्त्वाचे आहे.

सर्वसाधारण प्रथा अशी की, डिस्क नीट चालत नसेल तर विंडोजमधील चेकडिस्क चालवावयाची. निरोगी डिस्कवरील किरकोळ घोटाळ्यास हा उपाय ठीक आहे. मरू घातलेल्या डिस्कवर तो घातक ठरू शकतो. चेकडिस्क डिस्कवर लिहिते, नोंदी बदलते, आणि आधीच थकलेल्या यंत्राला तासन् तास राबविते. म्हणून प्रथम प्रकृती पाहावी. क्रिस्टलडिस्कइन्फो हे जपानी विकसकाचे छोटे साधन डिस्कने स्वतःविषयी ठेवलेल्या नोंदी वाचून दाखविते. त्यात ‘रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या दोन ओळींकडे आधी लक्ष द्यावे. पहिली ओळ डिस्कने बाद करून बदललेले भाग सांगते, तर दुसरी वाचता न आल्याने निर्णय लटकलेले भाग. हे आकडे मूळ मांडणीत सोळाच्या पायावर दिसतात, त्यामुळे तेथील १० म्हणजे आपले १६. नवशिक्यांची येथे हमखास गल्लत होते. आकडे वाढत असतील तर डिस्कवर दुरुस्तीचा कोणताही प्रयोग करू नये. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर विजेचा पुरवठा लगेच बंद करावा. तेथे सॉफ्टवेअरचे काम संपते आणि स्वच्छ कक्षात डिस्क उघडणाऱ्या तज्ज्ञाचे सुरू होते.

आवाज नसेल, पण आकडे वाईट असतील, तर जीएनयू डीडीरेस्क्यू हे साधन हाती घ्यावे. लिनक्सवर चालणारे हे साधन सिस्टिमरेस्क्यू या विनामूल्य प्रणालीत तयार मिळते. ती पेनड्राइव्हवर उतरवून संगणक त्यावरूनच सुरू करावयाचा. डीडीरेस्क्यूची रीत एखाद्या अनुभवी कारकुनासारखी आहे. फाटक्या वहीतील स्वच्छ पाने तो आधी उतरवून घेतो, आणि चिकटलेल्या पानांशी झटापट शेवटी करतो. कोणता भाग वाचला, कोणता राहिला, याची टाचणवही तो एका वेगळ्या फाइलमध्ये ठेवीत जातो. मध्येच वीज गेली तरी ही फाइल जागेवर असेल तर काम सोडले तेथून पुढे चालू होते. नवी डिस्क जुनीइतकी किंवा तिच्याहून मोठी असावी. जुनी कोणती आणि नवी कोणती, हे डिस्कवरील अनुक्रमांक पाहून दोनदा ताडावे, शक्य तर चिठ्ठी चिकटवावी. दोन नावांची अदलाबदल झाली तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते, आणि त्यानंतर कोणतेही साधन मदतीला येत नाही.

प्रत हाती आली की मूळ डिस्क बाजूला ठेवावी. पुढचे सर्व प्रयोग प्रतीवर करावेत. फ्रान्समधील क्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेली टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही जोडसाधने येथे उपयोगी पडतात. अनेक तंत्रज्ञ सोपे म्हणून थेट फोटोरेक चालवितात. टेस्टडिस्क हरवलेले विभाजन शोधते, पुसलेल्या फाइलींची यादी दाखविते आणि त्या मूळ नावांनिशी बाहेर काढू शकते. फोटोरेक मात्र डिस्कची सूची पाहातच नाही. प्रत्येक प्रकारच्या फाइलीच्या आरंभी असणारी खूण ओळखून ते मजकूर उचलते. त्यामुळे सूची पूर्ण नष्ट झाली तरी छायाचित्रे परत मिळतात. पण नावे व फोल्डर जातात, उरतात केवळ क्रमांक.

लग्नाच्या छायाचित्रांबाबत हे एक वेळ चालेल. मोडी कागदांचे तसे नाही. मोडीत शब्द सुटे लिहिलेले नसतात आणि ती सहज वाचणारी माणसे आज थोडी आहेत. एका रुमालातील शेकडो पानांची छायाचित्रे नावांवाचून एका ढिगात पडली, तर कोणते पान कोणत्या वर्षाच्या हिशेबातील, हे लावून देण्यास तसा वाचकच हवा. डेटा परत मिळाला असे तंत्रज्ञ म्हणेल. अभ्यासकाला मात्र त्या संग्रहाची सूची नव्याने करावी लागेल. म्हणून टेस्टडिस्क आधी आणि फोटोरेक अखेरचा उपाय म्हणून, हा क्रम सोडू नये. छायाचित्रे कॅमेऱ्याने घेतलेली असतील तर प्रत्येकाच्या पोटात दिनांक व वेळ दडलेली असते. एक्झिफटूल हे विनामूल्य साधन ती वाचून सर्व फाइलींना कालानुक्रमे नवी नावे देते, आणि निदान पाने टिपल्याचा क्रम तरी परत येतो. स्कॅनरने घेतलेल्या प्रतींत ही सोय असेलच असे नाही. एसएसडी प्रकारच्या डिस्कवर तर पुसलेली फाइल बहुधा मिळतच नाही, कारण मोकळी झालेली जागा ती डिस्क स्वतःच साफ करून टाकते.

अन्य साधनांपैकी काही थोडक्यात. संगणक मधूनच बंद पडत असेल तर मेमटेस्ट८६ प्लस रात्रभर चालवून मेमरी तपासावी. चांगल्या स्थितीतील संगणकाची संपूर्ण प्रतिमा घेण्यास तैवानमध्ये विकसित झालेले क्लोनझिला आहे. संगणकासोबत नकळत काय काय सुरू होते, हे ऑटोरन्स दाखविते. ते ज्या संचातील आहे तो सिसइंटर्नल्स संच २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने घेतला.

‘विनामूल्य’ या शब्दाचे अर्थही पाहून घ्यावेत. डीडीरेस्क्यू, टेस्टडिस्क, क्लोनझिला यांचा परवाना कोणालाही, दुकानदारालाही, वापराची व वाटपाची मुभा देतो. ऑटोरन्स वापरास फुकट आहे, पण त्याच्या प्रती काढून वाटण्याची मुभा नाही. काही साधने केवळ घरगुती वापरासाठी फुकट असतात. ती दुकानात किंवा कार्यालयात वापरणे हा परवान्याचा भंग होय. साधन त्याच्या मूळ स्थळावरूनच घ्यावे, हा नियम योग्यच, तरी तो पुरेसा नाही. २०१७ मध्ये सीक्लीनर या लोकप्रिय साधनाची ५.३३ ही आवृत्ती अधिकृत स्थळावरूनच दूषित होऊन बाहेर पडली होती. बँकेच्या शाखेतील संगणकांवर तर कर्मचाऱ्यांनी यांतील कोणतेही साधन स्वतःहून आणू नये. तेथे माहिती-तंत्रज्ञान विभागाची अनुमती लागते.

दुरून संगणक हाताळू देणाऱ्या साधनांबाबत ग्राहकांनी अधिक सावध असावे. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कच्या आधारे होणाऱ्या फसवणुकीविषयी बँकांना सावध केले होते. साधन वाईट नाही. ते कोणाच्या सांगण्यावरून सुरू केले, हा प्रश्न आहे. ओळखीचा तंत्रज्ञ जोडलेला असतानाही बँकेचे संकेतस्थळ अथवा अ‍ॅप उघडू नये आणि आलेला ओटीपी वाचून दाखवू नये.

वाचविलेल्या डेटाची पुढे देखभाल करावी लागते. प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ हा ठसा काढून यादी जपावी. फाइलीतील एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो, म्हणून वर्षाने यादी पुन्हा ताडली की बिघाड कळतो. सेव्हन-झिपमध्येही हे ठसे काढण्याची सोय आहे. बिघडलेल्या फाइलीच्या जागी ठेवण्यास दुसरी प्रत हवी, आणि ती दुसऱ्या ठिकाणी हवी. नोव्हेंबर २०१८ मधील गज चक्रीवादळाने नागपट्टिणम, तिरुवारूर, तंजावर आणि पुदुक्कोट्टै या लगतच्या जिल्ह्यांना एकाच वेळी झोडपले. तंजावरच्या संग्रहाची दुसरी प्रत म्हणून कुंभकोणमपेक्षा कोइमतूर किंवा पुणे बरे.