कडेवर घेऊन जग दाखवा

प्रश्न : आम्ही मूळचे साताऱ्याचे, यजमानांच्या नोकरीमुळे पानिपतला असतो. गल्लीतल्या कुत्रीचं नऊ आठवड्यांचं पिल्लू घरी आणलंय. डॉक्टर म्हणाले, सगळ्या लसी होईपर्यंत त्याला बाहेर जमिनीवर सोडू नका. शेजारीण म्हणते, तोवर कोंडून ठेवलंत तर भित्रं होईल. सासूबाईंचं तिसरंच. त्या म्हणतात, रस्त्यावरच्या कुत्र्यांना कोण शिकवायला जातं? तरी जीटी रोडच्या कडेला खुशाल झोपतात! आम्ही ऐकायचं कोणाचं?

उत्तर : तिघांचंही ऐका, पण सुरुवात सासूबाईंपासून करा. गल्लीतलं पिल्लू डोळे-कान उघडल्यापासून हॉर्न, माणसं, गाई-म्हशी, पावसाचं पाणी, झाडू, सायकली यांतच वाढतं. त्याला वेगळं शिकवावं लागत नाही, कारण शिकवणी चोवीस तास चालू असते. तुम्ही तेच पिल्लू उचलून शांत खोलीत आणलंत आणि ती शिकवणी बंद पडली. सासूबाईंच्या नजरेतून एवढंच निसटलं, की जी झोपलेली दिसतात ती वाचलेली असतात. त्यांची कितीतरी भावंडं पार्व्हो, डिस्टेंपर या रोगांनी आणि चाकांखाली आधीच गेलेली असतात.

शेजारणीचंही बरोबर आहे. घाई का करायची, तेही सांगतो. कुत्र्याच्या पिल्लाला नवं काही सहज आपलंसं करता येतं ते साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंत. अमेरिकेत मेन राज्यातल्या जॅक्सन प्रयोगशाळेत फ्रीडमन, किंग आणि इलियट यांनी काही पिल्लं उंच कुंपणाआड आईबरोबर, माणसाच्या सहवासाविना वाढवली आणि वेगवेगळ्या वयाला एकेक आठवडा माणसांत आणली. 1961 साली त्यांनी निष्कर्ष मांडले : चौदा आठवडे माणूस न भेटलेली पिल्लं रानटी जनावरासारखी बुजरी झाली होती. नंतर काहीच शिकता येत नाही असं नाही, पण जे आज आठवड्यात होईल त्याला पुढे महिने लागतात.

आता डॉक्टर. लसीचे डोस साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू होतात आणि तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्यापर्यंत चालतात. एकच डोस का पुरत नाही? आईच्या पहिल्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पिल्लाच्या अंगात असते आणि ती लसीलाच निष्प्रभ करते. ती कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लागणिक वेगळं, म्हणून पुन्हा पुन्हा टोचायचं. तुमच्या पिल्लाची आई गल्लीतली, तिला लस मिळाली होती की नाही कोण सांगणार! पार्व्होचा विषाणू मातीत महिनोनमहिने टिकतो, साध्या फिनाईलला दाद देत नाही, त्यामुळे डॉक्टरांची भीती रास्तच आहे. पण ती जमिनीची आहे, बाहेरच्या हवेची नाही.

म्हणून पिल्लाला कडेवर घ्या, पिशवीत किंवा टोपलीत बसवा. खाली घोंगडी घाला, पानिपतात तिची वाण नाही. रोज पाच-दहा मिनिटं पुरतात. सकाळी शांत गल्ली, मग भाजीवाला, शाळा सुटतानाची मुलं. पगडी, घुंघट, हेल्मेट, काठी घेतलेले आजोबा, सगळं दिसू दे. पॉवरलूमची खडखड आधी लांबून, दोन दिवसांनी थोडी जवळून. उसाच्या ट्रॉल्यांवरची हरियाणवी गाणी तर तुम्ही न शोधताही सापडतील. जीटी रोडचा उड्डाणपूल आणि रेल्वे स्टेशन पहिल्या आठवड्यात नको. रविवारी काला आंबच्या युद्धस्मारकाला गेलात तर गवतावर सोडू नका, आणि 14 जानेवारीला, 1761 च्या लढाईच्या स्मरणाच्या गर्दीत, नेऊच नका. माकडांपासून कायम लांब.

प्रत्येक नव्या गोष्टीबरोबर उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा कण द्या. यातच तुमचं मोजमापही आहे. पिल्लानं खाल्लं तर ठीक चाललंय. आवडता घास नाकारला, शेपूट पोटाखाली घातली, झोप नसताना जांभया देऊ लागलं किंवा सारखं ओठ चाटू लागलं, तर तुम्ही फार जवळ आलात, मागे व्हा. ‘सवय होईल’ म्हणून थरथरणारं पिल्लू वरातीच्या बँडसमोर धरून ठेवण्यासारखा मूर्खपणा नाही. त्यातून भीतीच पक्की होते. फटाक्यांचं ध्वनिमुद्रण जेवणाच्या वेळी अगदी हळू लावा, दिवाळीच्या कितीतरी आधी.

घरातही काम आहेच : कुकरची शिट्टी, मिक्सर, जिना, पंजे हातात घेणं, कानात डोकावणं. ओळखीच्यांकडे लस झालेला शांत कुत्रा असेल तर त्यांच्या स्वच्छ घरात भेट घडवा. गल्लीतली आई मायेची असली तरी तिच्याकडे लसी पूर्ण झाल्यावरच.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. रेबीजची लस बाराव्या आठवड्याच्या सुमारास देतात. तोवर पिल्लाचे दात लागून घरात कोणाला रक्त आलं, तर ‘खेळताना लागलं’ म्हणून सोडून देऊ नका. जखम पंधरा मिनिटं साबणाने वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात जा. हळद नको, तिखट तर नकोच.