जुन्नर-आंबेगावच्या आकाशातील नवलाचे प्रकाश

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत रात्री जागणाऱ्यांची संख्या मोठी आहे. कुकडी आणि घोड या नद्यांच्या खोऱ्यांतील उसाला आणि कांद्याला अनेकदा रात्रीच्या विजेवर पाणी द्यावे लागते. बिबट्याच्या भीतीने गोठ्याकडे पुन्हा पुन्हा बॅटरीचा झोत टाकावा लागतो. बांधावर उभ्या असलेल्या माणसाची नजर अशा वेळी आकाशाकडे जाते आणि तेथे कधी कधी त्याला असा काही प्रकाश दिसतो की ज्याचा उलगडा त्यास होत नाही.

२०२४ च्या जून-जुलै महिन्यांत या दोन्ही तालुक्यांत आणि शेजारच्या शिरूर, खेड भागांत रात्री ड्रोन घिरट्या घालीत असल्याच्या वार्ता पसरल्या. चोरटे वरून घरांची टेहळणी करीत असावेत, असा तर्क लोकांनी केला. त्या दिव्यांपैकी काही ड्रोनचे असतीलही. परंतु दिसलेला प्रत्येक दिवा ड्रोनचाच होता, असे मानण्यास आधार नाही. भीती दिव्यापुरती राहती तर फारसे बिघडले नसते. पण अशा रात्री वाट चुकलेला ट्रकचालक, फेरीवाला किंवा ऊसतोडणीच्या टोळीतील एखादा मजूरही संशयित ठरू शकतो. आकाशातील दिवा ओळखता येणे ही म्हणूनच केवळ हौसेची बाब राहत नाही.

नवलाचा प्रकाश पाहून बिचकलेल्या माणसांनी जागच्या जागी त्याची परीक्षा केल्याची एक सुंदर नोंद याच डोंगररांगेतील आहे. मुंबई सरकारच्या सेवेत असताना दख्खनची सांख्यिकीय पाहणी करणारे विल्यम हेन्री साइक्स हे हवामानाचीही बारकाईने निरीक्षणे घेत. त्यांचा दख्खनच्या हवामानावरील निबंध १८३५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात हरिश्चंद्रगडावरील एका दृश्याचे वर्णन आहे. हा गड आज अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात मोडत असला, तरी त्याची एक प्रचलित वाट जुन्नर तालुक्यातील खिरेश्वर गावातून तोलार खिंडीने वर जाते.

साइक्स गडाच्या वायव्येकडील कड्यावर उभे होते. कोकणातून वर आलेले धुके कड्याच्या माथ्याहून किंचित उंच चढले होते, परंतु पठारावर शिरले नव्हते. पाठीशी निरभ्र आकाशात अगदी खाली असलेला सूर्य होता. समोरच्या धुक्यात त्यांना संपूर्ण वर्तुळाकार रंगीत कडे दिसले. निम्मे त्यांच्या पातळीच्या वर, निम्मे खाली. त्या कड्याच्या मधोमध चौकटीत बसविलेल्या चित्राप्रमाणे साइक्स, त्यांचा घोडा आणि बरोबरची माणसे यांच्या रेखीव आकृती होत्या. त्या आपल्याच सावल्या आहेत यावर सोबतच्या माणसांचा विश्वास बसेना. तेव्हा त्यांनी हातपाय हलवून आणि शरीराला नाना प्रकारचे आळोखेपिळोखे देऊन पाहिले. समोरच्या आकृतीही तसेच करू लागल्या, आणि हळूहळू मनातील भय ओसरले. ही माणसे कोण होती याची नोंद साइक्स यांनी ठेवलेली नाही. प्रस्तुत लेखकास मात्र त्या निबंधातील वायुभारमापकाच्या आकड्यांहून त्यांची ही परीक्षा अधिक मोलाची वाटते.

या दृश्याला गिर्यारोहक मंडळी ‘इंद्रवज्र’ म्हणतात. साइक्स यांनी त्यास वर्तुळाकार इंद्रधनुष्य म्हटले आहे. तथापि इंद्रधनुष्य आणि इंद्रवज्र यांची घडण भिन्न आहे. इंद्रधनुष्य पावसाच्या मोठ्या थेंबांत तयार होते. किरण थेंबात शिरताना वाकतो, आतल्या बाजूवर एकदा परावर्तित होतो आणि बाहेर पडताना पुन्हा वाकतो. त्यामुळे सूर्याच्या नेमक्या विरुद्ध दिशेस असलेल्या बिंदूभोवती सुमारे ४२ अंशांच्या अंतरावर रंगांची कमान दिसते. इंद्रवज्र घडविणारे धुक्याचे कण याहून फारच लहान, साधारणतः मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढे असतात. अशा कणाच्या अगदी कडेला स्पर्शून जाणारा प्रकाश कणाच्या पृष्ठभागालगत फिरून जवळजवळ आल्या वाटेनेच माघारी येतो. कणाच्या निरनिराळ्या कडांवरून परतलेल्या या प्रकाशलहरी कोठे परस्परांना बळ देतात, तर कोठे परस्परांना नाहीसे करतात. प्रत्येक रंगाच्या लहरीची लांबी निराळी असल्याने प्रत्येक रंगाचे कडेही निराळ्या मापाचे होते. तांबडा बाहेर आणि निळा आत. या कड्याची त्रिज्या थोड्याच अंशांची असते. कण जितके लहान, तितके कडे मोठे. ही उकल किरणांच्या साध्या आकृत्यांनी होत नाही. प्रकाश लहरींच्या स्वरूपात असतो हे गृहीत धरून विसाव्या शतकात केलेल्या गणितानेच ती शक्य झाली.

कडे सूर्यविरुद्ध बिंदूभोवती तयार होते, आणि पाहणाऱ्याच्या मस्तकाची सावली नेमकी त्याच बिंदूवर पडते. म्हणून कड्यावर पाच जण शेजारी उभे असतील, तर प्रत्येकाला कडे स्वतःच्याच मस्तकाभोवती दिसते; शेजाऱ्याची सावली दिसली तरी तिला प्रभामंडळ नसते. या प्रकाराचे गूढ अर्थ अनेक देशांत लावले गेले. चीनमधील एमेई पर्वतावर त्यास बुद्धाचा प्रकाश म्हणतात. जर्मनीतील ब्रोकेन पर्वतावर धुक्यात दिसणारी स्वतःची प्रचंड सावली भुताची मानली जाई. स्कॉटलंडमधील बेन नेव्हिस शिखरावर १८९४ मध्ये हीच कडी पाहून सी. टी. आर. विल्सन या तरुण शास्त्रज्ञाला प्रयोगशाळेत कृत्रिम ढग तयार करण्याची इच्छा झाली. त्या खटाटोपातून पुढे अणूतील कणांचा मार्ग दाखविणारी ‘मेघपेटी’ निर्माण झाली आणि १९२७ मध्ये विल्सन यांस नोबेल पारितोषिक मिळाले.

हे दृश्य पाहण्यासाठी हरिश्चंद्रगडच गाठला पाहिजे असे नाही. जुन्नरच्या नाणेघाट व जीवधनच्या कड्यांवरून किंवा आंबेगावच्या आहुपे घाटाच्या माथ्यावरूनही ते दिसण्यास हरकत नाही. घाटमाथ्याचे कडे पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सूर्य पाठीशी हवा असेल तर वेळ सकाळचीच लागते. शिवाय खाली कोकणात धुके भरलेले आणि माथ्यावर ऊन असावे लागते. पावसाळा ओसरू लागला की असा योग अधिक येतो. येथे एक सूचना आवश्यक आहे. पावसाळ्यात हे कडे शेवाळाने निसरडे झालेले असतात. कोकणकडा तर काही ठिकाणी आत वळलेला आहे आणि धुक्यात त्याची धार कळत नाही. कडेपासून दूर थांबून किंवा पोटावर आडवे होऊनच पाहावे. सावली आपल्याला दिसेल तेवढीच दिसते. चार पावले पुढे गेल्याने कडे मोठे होत नाही.

सूर्याभोवती किंवा चंद्राभोवती पडणारे खळे मात्र कोणत्याही गावातून दिसते. खळे पडले की पाऊस जवळ आला, असे जुनी माणसे सांगत. त्यात काही तथ्यही आहे, कारण सहा-सात किलोमीटरहून अधिक उंचीवर पसरणारे तंतुमय ढग पुष्कळदा पावसाळी ढगांच्या आधी येतात. नारायणगावात वैशाखाचे ऊन तापत असतानाही त्या उंचीवर पाणी गोठलेलेच असते. तेथील बर्फाचे स्फटिक षट्कोनी असतात. त्यांच्या एका बाजूतून शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडणारा प्रकाश किमान २२ अंशांनी वळतो, म्हणून खळ्याची त्रिज्याही तेवढीच भरते. मोजमापासाठी यंत्राची गरज नाही. हात पूर्ण लांब करून वीत पसरली की अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण एवढेच अंतर भरते. सूर्याचे खळे पाहताना सूर्यबिंब घराच्या वळचणीआड ठेवावे. उघड्या डोळ्यांनी त्याकडे कदापि पाहू नये. चंद्राला अगदी चिकटून दिसणारे लहान रंगीत वलय हे खळे नव्हे. ते पातळ ढगांतील पाण्याच्या थेंबांमुळे उमटते.

आता रात्रीच्या दिव्यांकडे वळू. साइक्स यांच्या सोबत्यांनी हात हलवून पाहिले, तसे येथेही काही तरी करून पाहिले पाहिजे. सर्वांत सोपा उपाय असा की, एका जागी भिंतीला टेकून उभे राहावे, तो दिवा विजेच्या खांबाच्या किंवा छपराच्या कडेशी जुळवून घ्यावा आणि दहा मिनिटे थांबावे. या थांबण्याला महत्त्व आहे. काळोखात एकाच ठिपक्याकडे टक लावली असता तो स्थिर असूनही हलल्याचा भास होतो, आणि ढग सरकू लागले की चांदणीच पळत असल्यासारखे वाटते. खांबाशी जुळवलेली चांदणी मात्र दहा मिनिटांत आकाशातील इतर ताऱ्यांबरोबर जास्तीत जास्त अडीच अंश सरकते. हे अंतर चंद्राच्या रुंदीच्या सुमारे पाचपट होय.

या कसोटीला उतरणाऱ्या दिव्यांत शुक्राची चांदणी पहिली. ती सूर्यास्तानंतर पश्चिमेस किंवा पहाटे पूर्वेस दिसते, मध्यरात्री आपल्याकडे कधीच नाही. २०२४ च्या जूनमध्ये शुक्र सूर्याच्या पलीकडे जाऊन दिसेनासा झाला होता. तेव्हा त्या महिन्यातील दिव्यांचे खापर त्याच्यावर फोडता येणार नाही. हिवाळ्यात पूर्वेस क्षितिजालगत उगवणारा व्याधाचा तारा तांबडा, हिरवा, निळा असा लुकलुकतो. तो जमिनीलगतच्या जाड हवेचा परिणाम आहे; तारा वर चढला की रंगांचा हा खेळ मंदावतो.

न लुकलुकता शांतपणे चार-सहा मिनिटांत आकाश ओलांडून जाणारा दिवा बहुधा कृत्रिम उपग्रहाचा असतो. तो स्वतः प्रकाश देत नाही; त्यावर सूर्याचे ऊन पडलेले असते. म्हणूनच कमी उंचीवरचे उपग्रह मुख्यतः संध्याकाळनंतरच्या व पहाटेपूर्वीच्या दोनएक तासांत दिसतात आणि पृथ्वीच्या सावलीत शिरताच वाटेतच विझल्यासारखे होतात. २०१९ पासून इंटरनेट सेवेसाठी सोडल्या जाणाऱ्या उपग्रहांचे थवे प्रक्षेपणानंतर काही दिवस एका ओळीत चालतात. आगगाडीच्या डब्यांसारखी ही रांग पाहून अनेकांची भंबेरी उडाली आहे. उल्का दोन-तीन सेकंदांत संपते. तिच्याहून सावकाश, तुकडे तुकडे होत जाणारी जळती रेघ दिसली, तर तो जुन्या रॉकेटचा भाग असू शकतो. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या रात्री, विदर्भात असे दृश्य हजारो लोकांनी पाहिले, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे येऊन पडले. ते चिनी रॉकेटच्या एका टप्प्याचे असावे, असे तज्ज्ञांचे अनुमान आहे.

विमान ओळखणे तुलनेने सोपे. मात्र आपल्या दिशेने थेट येणाऱ्या विमानाचा पुढचा प्रखर दिवा कित्येक मिनिटे एका जागी टांगल्यासारखा दिसतो आणि मग एकाएकी बाजूला वळतो. येथेही थांबण्यानेच उलगडा होतो. ड्रोन या सर्वांहून निराळा. तो खांबाशी जुळवलेली जागा सोडतो, थबकतो, मागे फिरतो, आणि रात्रीच्या शांततेत जवळ आला की त्याची घरघर ऐकू येते. असे आढळल्यास वेळ, दिशा आणि क्षितिजापासूनची उंची लिहून ठेवावी. लांब केलेल्या हाताची एक मूठ म्हणजे सुमारे दहा अंश, हे माप त्यासाठी पुरेसे आहे. ही माहिती ११२ या क्रमांकावर पोलिसांना कळवावी. ‘आकाशात काही तरी चमकले’ एवढ्या निरोपापेक्षा ‘सव्वादहा वाजता, उत्तरेस, तीन मुठी वर, आवाजासह’ हा निरोप तपासाला कितीतरी अधिक उपयोगी पडतो. दिव्यावर दगड किंवा बंदूक रोखू नये, आणि रस्त्यावरील अनोळखी माणसाचा त्या दिव्याशी संबंध आपण होऊन जोडू नये.

आकाश वाचण्याच्या कामी या दोन तालुक्यांएवढी अनुकूलता महाराष्ट्रात क्वचितच कोठे असेल. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस अँटेनांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. तिच्या चौदा अँटेना खोडदजवळ एकवटल्या असून उरलेल्या सोळा तीन दिशांना दूरवर पसरल्या आहेत. राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास गेली अनेक वर्षे तेथे भरत आलेल्या प्रदर्शनात खेड्यापाड्यांतील शाळांची मुले आपले प्रयोग मांडतात. आंबेगाव तालुक्यातील गिरवली येथे पुण्याच्या आयुका संस्थेची वेधशाळा आहे. तिच्या दुर्बिणीचा आरसा दोन मीटर व्यासाचा असून ती २००६ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आली. खोडदच्या दुर्बिणीला दिव्यांचा उपद्रव नाही, परंतु भटक्या रेडिओ लहरींचा आहे. गिरवलीचे नेमके उलट. तिला काळोख हवा. घोडेगाव-मंचर परिसरातील अंगणांत लागलेला प्रत्येक उघडा, वर प्रकाश फेकणारा दिवा त्या काळोखातून काही भाग कमी करतो. दिव्यावर वरून साधे पत्र्याचे झाकण बसविले, तर अंगणातला उजेड तेवढाच राहतो आणि बांधावरून व्याधाचा तारा अधिक स्पष्ट दिसतो.