कोणते संगीत नाटक पुन्हा उभे करावे?



गणेशोत्सवाच्या तयारीची बैठक बसली की चहाच्या दुसऱ्या कपाबरोबर एक वाक्य हमखास येते, "एकदा एखादे जुने संगीत नाटक करू या की!" लगेच नावे सुरू होतात. कुणी 'सौभद्र' म्हणते, कुणी 'स्वयंवर', कुणी 'कट्यार'. नाट्यसमितीत काम करत असल्यामुळे मी विचारते, "त्या नाटकाची गोष्ट काय हो?" उत्तरादाखल बहुतेक वेळा एखादे पद गुणगुणले जाते. चाल आठवते, गायकाचे नाव आठवते, रेकॉर्ड कुणाच्या घरी होती तेही आठवते. नाटक मात्र विसरलेले असते!

पद आवडणे आणि नाटक आवडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याची पदेच तेवढी मनात उरली आहेत, त्याची छानशी मैफल करावी. ज्याची गोष्ट आजही आपल्याशी बोलते, त्याचाच प्रयोग करावा. परदेशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा भेद करावाच लागतो. आपल्याला हॉल चार तास मिळतो, तालमी शनिवार-रविवारीच होतात, आणि एक नाटक उभे करायला सगळ्या कुटुंबांचे सहा महिने जातात.

थोडा इतिहास

अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले. १८८२ मध्ये त्यांचे 'सौभद्र' आले आणि १८९९ मध्ये गोविंद बल्लाळ देवलांचे 'शारदा'. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'मानापमान'ला (१९११) गोविंदराव टेंबे यांनी, तर 'स्वयंवर'ला (१९१६) भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या. रागदारी संगीत घराघरांत पोचले. बालगंधर्वांच्या पदांना 'वन्स मोअर' मिळत आणि प्रयोग पहाटेपर्यंत रंगत.

१९३२ पासून मराठी बोलपट आले आणि नाटक कंपन्यांना उतरती कळा लागली. १९६० च्या दशकात संगीत नाटकाने पुन्हा उभारी धरली. विद्याधर गोखल्यांचे 'पंडितराज जगन्नाथ' (१९६०), वसंत कानेटकरांचे 'मत्स्यगंधा' (१९६४), पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 'कट्यार काळजात घुसली' (१९६७) ही त्या काळातली नावे. यातल्या शेवटच्या दोन नाटकांचे संगीत पंडित जितेंद्र अभिषेकींचे. त्यांनी पदांची संख्या आणि लांबी आटोक्यात ठेवली आणि गाणे प्रसंगाला जोडले. आपण निवड करताना हेच ध्यानात ठेवावे.

चार कसोट्या

१. पद काढले तर नाटक अडते का? 'सौभद्र'मध्ये पात्रे बोलता बोलता गातात आणि गाता गाता बोलतात. साकी, दिंडी, कामदा अशी लोकांच्या ओठांवरची वृत्ते त्यात आहेत. सुभद्रेला अर्जुन हवा आहे, बलरामदादाने तिला दुर्योधनाला द्यायचे ठरवले आहे, आणि कृष्ण हसतहसत सूत्रे हलवतो आहे. हे सारे पदांतून पुढे सरकते. 'कट्यार'मध्ये तर गाणे हीच गोष्ट आहे. विद्या घराण्यात कोंडून ठेवावी की मागेल त्याला द्यावी, हा खाँसाहेब आणि सदाशिव यांच्यातला झगडा गायकीतूनच कळतो. 'स्वयंवर'ची पदे अप्रतिम, पण ऐकताना रुक्मिणीचे काय झाले हे विसरून आपण मैफलीत जाऊन बसतो. म्हणून 'स्वयंवर'ची पदे कोजागरीला ऐकावीत, असे माझे मत.

२. त्यातला प्रश्न जिवंत आहे का? राम गणेश गडकऱ्यांचे 'एकच प्याला' त्यांच्या निधनानंतर, फेब्रुवारी १९१९ मध्ये रंगभूमीवर आले. हुशार वकील सुधाकर अपमानाच्या दुःखात पहिला प्याला घेतो आणि संसार धुळीला मिळतो. आपल्या शनिवारच्या पार्ट्यांत असा कुणी सुधाकर नसेल असे छातीठोकपणे कोण सांगेल? त्याच्या घरात काय चालले आहे हे सगळ्यांना ठाऊक असते आणि बोलत कुणीच नाही. मात्र सिंधूचे मुकाट सोसणे आदर्श म्हणून दाखवायचे, की त्या सोसण्याने काय गेले ते दाखवायचे, हे दिग्दर्शकाने आधी ठरवायला हवे.

३. कातरता येते का? पाच-सहा तासांचे नाटक अडीच तासांत बसवायचे आहे. 'शाकुंतल'मध्ये दोनशेच्या आसपास पदे आहेत. त्यातली पंधरा ठेवली तर ते वेगळेच नाटक होईल. कातरताना एक नियम पाळावा. एकच भाव दोन पदांत आला असेल तर एक पद गाळावे, पण पदाकडे नेणारा संवाद गाळू नये. तो गेला की पद अधांतरी लटकते.

४. आपल्याकडे गळे आहेत का? आणि पेटी-तबल्याला माणसे? मोठ्या गवयासाठी रचलेली भूमिका हौशी गळ्याला पेलत नाही, आणि रेकॉर्ड लावून ओठ हलवायचे असतील तर नाटकच नको. देवलांचे 'संशयकल्लोळ' इथे उपयोगी पडते. त्याचे मूळ मोलियरच्या प्रहसनापर्यंत जाते. गाण्याचा मुख्य भार अश्विनशेठ आणि रेवतीवर आहे. फाल्गुनराव आणि कृत्तिका यांना विनोदाची जाण असलेले नट मिळाले की काम झाले!

एक व्यवहाराची गोष्टही सांगते. देवल १९१६ साली गेले, गडकरी १९१९ साली, खाडिलकर १९४८ साली. भारतात लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क असतो, म्हणून ही नाटके तिथे आता सर्वांना खुली आहेत. 'कट्यार', 'मत्स्यगंधा' यांसारख्या नाटकांसाठी मात्र परवानगी घ्यायलाच हवी.

माझी निवड: 'शारदा'

सर्वांत सोपे 'संशयकल्लोळ', सर्वांत गोड 'सौभद्र'. तरीही माझे मत 'शारदा'ला आहे.

म्हातारा श्रीमंत भुजंगनाथ, पैशाच्या लोभाने त्याला मुलगी द्यायला निघालेला कांचनभट, मध्ये हात ओले करणारा भद्रेश्वर दीक्षित, आणि ज्या मुलीचे लग्न ठरते आहे तिला कुणी विचारतच नाही. देवलांनी हे १८९९ साली रंगमंचावर आणले. त्यानंतर तीस वर्षांनी, १९२९ मध्ये, बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला. लोक त्याला 'शारदा कायदा' म्हणू लागले. ते नाव विधेयक मांडणाऱ्या हरबिलास सारडा यांच्यावरून आले, पण मराठी माणसाला त्यात देवलांची शारदा दिसावी हे साहजिकच!

बैठकीत दोन्हीकडून आक्षेप येतात. ज्येष्ठ म्हणतात, "सणासुदीला हे रडगाणे कशाला?" तरुण म्हणतात, "बालविवाहाशी आमचा काय संबंध?" ज्येष्ठांना मी नम्रपणे सांगते की 'शारदा'त भरपूर विनोद आहे. भुजंगनाथाची नटण्यामुरडण्याची हौस आणि भद्रेश्वराच्या लटपटी पाहून हॉल हसेल, आणि त्या हसण्यामुळेच पुढचे दुःख अधिक बोचेल. तरुणांना सांगते, वय बाजूला ठेवा. मुलीच्या आयुष्याचा निर्णय तिच्या पाठीमागे, पैसा आणि प्रतिष्ठा बघून घेतला जातो, ही गोष्ट संपली आहे का? करिअर असो वा लग्न, "आम्हाला कळते तुझ्या भल्याचे" हे वाक्य इथल्या घरांतही ऐकू येतेच.

आणखी एक कारण मला फार मोलाचे वाटते. १८९९ साली शारदा आणि तिच्या मैत्रिणी यांच्या भूमिका पुरुषांनी केल्या होत्या. ज्या मुलींची ही गोष्ट, त्यांना रंगमंचावर उभे राहण्याची मुभा नव्हती. आज आपल्या रविवारच्या मराठी शाळेत त्याच वयाच्या मुली आहेत. त्यांच्या तोंडून हे संवाद ऐकताना समोर बसलेल्या आईबाबांना काय वाटेल, याची कल्पना करा.

हे लवकर करायला हवे. आपल्या मंडळातल्या ज्या आजींना या पदांच्या चाली आईकडून मिळाल्या, त्यांनी आता ऐंशी ओलांडली आहे. रेकॉर्डवर पद सापडेल, पण संवादातून पदात कसे शिरायचे, कुठे थांबायचे, हे माणसाकडूनच शिकावे लागते.

घरचा अभ्यास

यंदाच्या दहा दिवसांत एका संध्याकाळी 'शारदा'चा पहिला अंक घरात मोठ्याने वाचा. भूमिका वाटून घ्या. मुले अडखळली तर अडखळू द्या. वाचून झाल्यावर तीन प्रश्न एकमेकांना विचारा: कुणाचा राग आला? कुठे हसू आले? आणि आजच्या दिवसात हे घडले तर शारदेला कुणाकडे जाता येईल?

उत्तरे घेऊन पुढच्या बैठकीला जरूर या. नाटक कोणते हे तेव्हा सगळे मिळून ठरवू. चहा मी ठेवते!

गणपती बाप्पा मोरया!