लाल रेघ न उमटणाऱ्या चुका

इंग्रजी पत्रं तपासण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. ढोबळ चुका आता कमी झाल्या, कारण कंप्युटर त्या लगेच दाखवतो. पण उच्चार एक, स्पेलिंग वेगळं आणि अर्थ भलताच, अशा शब्दांची गल्लत त्याच्या नजरेतून अनेकदा निसटते. नेमकी तीच महागात पडते.

आमच्या शेजारच्या मुलाने गृहकर्जाच्या मुद्दलापोटी आगाऊ रक्कम भरण्यासाठी बँकेला पत्र लिहिलं. मुद्दलासाठी 'प्रिन्सिपल' हा शब्द जिथे जिथे आला, तिथे शेवटी 'एल-ई' होतं. त्याचा अर्थ तत्त्व. मुद्दल म्हणायचं तर शेवटी 'ए-एल' हवं. दोन्ही शब्द इंग्रजीत अस्सल, त्यामुळे लाल रेघ उमटलीच नव्हती. पत्र धाडण्याआधी माझ्याकडे आलं म्हणून बरं.

आपण इथे हमखास फसतो, कारण मराठी बहुतांशी बोलतो तशीच लिहिली जाते. इंग्रजीचं तसं नाही. विल्यम कॅक्स्टनने १४७६ च्या सुमारास वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला. पुढे छपाईमुळे स्पेलिंग हळूहळू पक्कं होत गेलं, उच्चार मात्र बदलत राहिले. सरदार या अर्थाच्या 'नाइट'मधला 'के' पूर्वी उच्चारला जायचा. आज तो फक्त लिहिण्यापुरता उरला आहे. म्हणून कानाला तो आणि रात्रीचा 'नाइट' सारखेच.

तेव्हा असे शब्द जोडीने आणि खुणेसकट पाठ करा. मुद्दलाचा 'ए' अमाउंटमधला, तत्त्वाचं 'एल-ई' रूलमधलं. वही-पेनच्या 'स्टेशनरी'त 'ई-आर-वाय' येतं, एन्व्हलपमधला 'ई' आठवा. 'ए-आर-वाय' लिहिलंत तर अर्थ होतो जागचं न हलणारं. कौतुकाच्या 'कॉम्प्लिमेंट'मध्ये मधे 'आय', पूरक या अर्थी 'ई', कम्प्लीटमधला. आपण दोन्हीला 'लूज' म्हणतो, पण हरवण्यात एक 'ओ' आणि सैल असण्यात दोन.

फोनवर बोलून मजकूर टाइप करत असाल, तर जास्तच जपा. फोन आवाज ऐकून अंदाजाने शब्द निवडतो. शंका आली की डिक्शनरीत नुसतं स्पेलिंग बघून थांबू नका, अर्थही वाचा.

लाल रेघ नाही म्हणजे पत्र बिनचूक, असं धरून चालू नका. पैसे, अटी आणि नावं असलेली प्रत्येक ओळ सही करण्यापूर्वी एकदा तरी अर्थ लावून वाचा.