तलाव बांधण्याआधी वर्षाचा खर्च मांड

चौल, ता. अलिबाग

चि. केदार यास,


पोहण्याच्या तलावाचं तू पाठवलेलं कंत्राटदाराचं इस्टिमेट नीट वाचलं. खोदाई, आरसीसी, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, फिल्टर, दिवे, सगळं ओळीनं दिलं आहे. पण हा खर्च एकदा होतो आणि संपतो. तलाव भरला त्या दिवसापासून जो खर्च सुरू होतो, त्याची एकही ओळ त्यात नाही. आणि बांधायचा की नाही, हे त्या खर्चावरच ठरायला हवं. पाणीपुरवठ्याच्या कामात माझी हयात गेली, म्हणून हक्कानं सांगतो.

तुझा तलाव ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल. म्हणजे जवळपास ४५,००० लिटर पाणी. ते स्वच्छ राहायचं तर रोज सगळं पाणी एकदा तरी वाळूच्या फिल्टरमधून फिरायला हवं. त्यासाठी एक हॉर्सपॉवरची मोटर सहा ते आठ तास चालते. आठ तासांना आठ युनिट धर. वर्षाचे २,९०० युनिट झाले, आणि ते घराच्या वापरावर चढत असल्यानं वरच्या टप्प्याच्या दरानं लागतात. युनिटला १२ रुपये धरले तरी ३५,००० रुपये.

पाण्याचं गणित लोक विसरतात. कोरड्या दिवसांत रोज पाच मिलिमीटर पाणी उडून जातं असं धरलं, तर तुझ्या तलावातून रोज १६० लिटर कमी होणार. पावसाळा सोडून आठ महिन्यांत ते ३८,००० लिटरवर जातं. फिल्टरचं बॅकवॉश आठवड्यातून एकदा करावं लागतं; दर खेपेला ५०० लिटर गटारात, म्हणजे वर्षाला २६,०००. भरलेला तलाव वर्षभरात जवळजवळ दीड वेळा पुन्हा भरायचा. टँकरनं घेतलंस तर सहा-सात टँकर, १४,००० रुपये धर. विहिरीतून घेईन म्हणशील, पण आपल्या किनाऱ्यावर एप्रिल-मेमध्ये विहीर फार उपसली की पाणी मचूळ होतं, आणि त्याच झऱ्यांवर शेजाऱ्यांच्या नारळी-पोफळी जगतात. उन्हाळ्यात तलावासाठी विहिरीला हात लावायचा नाही, हे आधीच ठरव.

औषधांचं म्हणशील तर रोज १०० ग्रॅम क्लोरीनच्या गोळ्या, म्हणजे वर्षाला ३६ किलो. त्यावर आम्ल, शेवाळनाशक, तुरटी. २१,००० रुपये धर. या गोळ्यांमधलं सायन्युरिक आम्ल उन्हापासून क्लोरीनला जपतं खरं, पण ते पाण्यात साठत जातं आणि फार वाढलं की क्लोरीनच मंदावतो. मग काही पाणी काढून ताजं भरावं लागतं. आणि एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो: या गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर एका डब्यात, एका चमच्यानंही एकत्र येऊ द्यायच्या नाहीत. भडका उडतो, विषारी वायू सुटतो.

सगळ्यात मोठी रक्कम माणसाची. इथल्या बंगल्यांवर हे काम करणारी पोरं मी रोज बघतो. सकाळी जाळीनं पानं काढायची, कोपऱ्यातलं शेवाळ ब्रशनं घासायचं, दोन नळ्यांत पाणी घेऊन थेंब टाकायचे. एका नळीतल्या पिवळ्या रंगावरून क्लोरीन कळतो, दुसरीतल्या तांबूस रंगावरून पीएच. पीएच ७.२ ते ७.८ मध्ये हवा. यात कसब आहे. महिना ५,००० धर, वर्षाचे ६०,०००; आणि त्यात घासाघीस करू नकोस. मोटरचं सील, टाइल्सचं ग्राउट, काही वर्षांनी फिल्टरची वाळू यांसाठी २०,००० बाजूला ठेव.

बेरीज दीड लाख. तुम्ही महिन्यातून दोनदा येणार, म्हणजे वर्षाला चोवीस वेळा. एका खेपेला सव्वासहा हजार. तलाव दावणीच्या म्हशीसारखा आहे; दूध देवो न देवो, वैरण रोज लागते. तुम्ही पुण्यात असलात म्हणून मोटर बंद ठेवता येत नाही. उन्हाळ्यात आठवडाभर पाणी थांबलं की हिरवं होतं, डास अंडी घालतात, आणि ते साफ करायला नेहमीपेक्षा जास्त खर्च येतो. पावसाळ्यात वापर नाही म्हणून तलाव रिकामा करायचा विचारही नको. आपल्याकडे जुलैत भूजल जमिनीला टेकतं; रिकाम्या टाकीला ते खालून उचलतं आणि तळ तडकतो.

खर्च कमी करायचाच असेल तर आकारात कर. ६ बाय ३ मीटर आणि १.२ मीटर खोल ठेवलास तर पाणी निम्म्याहून कमी लागतं, आणि मुलांना डुंबायला तेवढं पुरतं. वापर नसताना वर आच्छादन घाल. बाष्पीभवन आणि क्लोरीन दोन्ही वाचतात. वेग बदलता येणारा पंप घे. वेग निम्मा केला की वीज कितीतरी कमी लागते. पाणी जास्त घटतंय असं वाटलं तर पायरीवर पाण्यानं भरलेली बादली ठेव, आतली आणि बाहेरची पातळी खुणेनं नोंद आणि दुसऱ्या दिवशी बघ. बाहेरची जास्त उतरली असेल तर गळती आहे.

माणसाचा पगार, क्लोरीन, अर्थिंग आणि विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, यांत मात्र पैसा वाचवायचा नाही.

आणि शेवटचं. तुझ्या इस्टिमेटमध्ये कुंपण नाही. लहान मूल बुडताना ओरडत नाही, हात मारत नाही. पाठ फिरवावी एवढ्या वेळात सगळं होतं. चारी बाजूंनी सव्वा मीटर उंच कुंपण आणि आपोआप बंद होणारं, वर कडी असलेलं फाटक आधी लाव, मग पाणी भर. वर्षाला दीड लाख दहा वर्षं सहज काढता येतील अशी खात्री असेल आणि हे कुंपण होणार असेल, तर खुशाल बांध. यांतलं एक जरी जमणार नसेल, तर त्या जागेत आंबा लाव. मुलांना समुद्र आणि मी आहेच. पोहायला मी शिकवीन.

कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देण्याआधी कळव. सौ. सूनबाईला आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
अण्णाकाका