मेंढराची खाज

खाज म्हटली कीं आपलें लक्ष प्रथम कातडीकडे जातें. खरूज, नायटा, गोचीड यांपैकीं कोणी तरी अपराधी असणार, असें आपण गृहीत धरतों. परंतु मेंढरांच्या एका रोगांत खाज दिसते अंगावर आणि तिचें मूळ असतें मेंदूंत.

इंग्लंडांत हा रोग १७३२ सालापासून ठाऊक आहे. रोगी मेंढरूं कुंपणाला, खांबाला, झाडाच्या बुंध्याला अंग घांशीत राहतें. लोकर झडते, कातडी सोलवटते. या खरवडण्यावरूनच त्यास 'स्क्रेपी' असें इंग्रजी नांव पडलें. फ्रेंचांनीं त्याच्या थरथरण्यावरून व जर्मनांनीं त्याच्या दुडक्या चालीवरून नांव दिलें. पशुवैद्य एक चमत्कारिक खूण पाहतात : अशा मेंढराची पाठ कमरेजवळ खाजविली असतां तें पुष्कळदां ओठ हलवूं लागतें, जणू कांहीं कुरतडीत आहे. कातडीवर किडा नसतो. खाजेची जाणीव वाहून नेणारी मज्जासंस्थाच बिघडलेली असते. शेवटीं जनावर लटपटून पडतें व मरतें. उपाय नाहीं.

१९३६ सालीं क्वीये व शेल या फ्रेंच पशुवैद्यांनीं हा रोग टोंचून देतां येतो असें दाखविलें. मात्र लक्षणें उमटण्यास वर्षाहून अधिक काळ लागला. त्याच सुमारास ब्रिटनमध्यें दुसऱ्याच एका रोगावरची लस मेंढ्यांच्या मेंदूपासून तयार करीत. जंतु मरावे म्हणून तींत फॉर्मालिन घातलेलें होतें. तिच्या एका दूषित घाणीतून सुमारें १८,००० मेंढरांस लस टोंचली गेली, आणि दोन वर्षांनंतर त्यांपैकीं सुमारें १,५०० मेंढरें अंग खरवडूं लागलीं ! एका हरवलेल्या मेंढरासाठीं रानोमाळ हिंडणाऱ्या मेंढपाळाचा दृष्टान्त आपण जाणतों. येथें तर रक्षणाकरितां दिलेल्या औषधानेंच कळप गेले.

फॉर्मालिनलाही न जुमानणारा हा कोणता जंतु ? १९८२ सालीं स्टॅन्ली प्रूसिनर यांनीं सांगितलें कीं, हा जंतूच नव्हे. हें एक प्रथिन आहे. त्यास त्यांनीं 'प्रायॉन' म्हटलें. पुष्कळ विद्वानांस तें पटेना, आणि त्यांत नवल नाहीं. निरोगी मेंदूंतही हेंच प्रथिन असतें. दोहोंची घटकसांखळी एकच, केवळ घडी निराळी. विपरीत घडीचें प्रथिन सरळ प्रथिनास आपल्यासारखें करतें आणि असें करतां करतां मेंदूस स्पंजाप्रमाणें बारीक छिद्रें पडतात. प्रूसिनर यांस १९९७ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

मनुष्यांस क्रॉइट्सफेल्ट-याकोब नामक याच जातीचा रोग होतो. तो फार विरळा. त्याच्या थोड्या रोग्यांत असह्य खाजेची नोंद आहे, आणि तीही कातडीवर कारण न सांपडणारी. मेंढरांची स्क्रेपी मनुष्यास जडते असें मात्र आढळलेलें नाहीं. तेव्हां वसतिगृहांतील मुलांनीं रात्रीं अंग खाजलें म्हणून मेंदूची चिंता करूं नये. तेथें बहुधा खरूजच असते, व ती मलमानें जाते.