बॉल मिलमधलं ग्राफाइट

मी मूळचा निपाणीचा. बेळगावात आल्यावर उद्यमबागेतल्या फाउंड्रीत ग्राफाइट आधी हातानं ओळखायला शिकलो. चपट्या कणांची चांगली भुकटी चिमटीत धरली की सुळकन घसरते, बोटांवर चकचकीत थर बसतो. बॉल मिलमध्ये, म्हणजे गोळ्या भरलेल्या फिरत्या भांड्यात, खूप वेळ फिरवलेली भुकटी मात्र काजळीसारखी निस्तेज होते आणि बोटांना अडते.

कार्बनचे थर ०.३३५ नॅनोमीटर अंतरावर एकावर एक बसलेले असतात, त्यांची आपसातली पकड ढिली. गोळ्यांचा मार बसला की ते आधी सरकतात, तुटतात, मग रचनाच विस्कटते. एक्स-रे तपासणीत २६.५ अंशांजवळचं टोकदार शिखर बसकं आणि रुंद होत जातं. म्हणजे बारीक झालं ते नुसतं ग्राफाइट नव्हे. पदार्थच बदलत चालला. तुटलेल्या कडा उघड्या पडल्यामुळे अशी भुकटी हवेत बऱ्याच कमी तापमानाला जळू लागते. साच्याच्या लेपासाठी ग्राफाइट दळून घेणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावं.

"सर, अजून रात्रभर फिरवू या का?" असं माझे विद्यार्थी विचारतात. कशासाठी, हे आधी ठरवा. एका मर्यादेनंतर कण एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि पृष्ठभाग वाढायचा सोडून घटू लागतो.

मला खरी काळजी वाटते ती लोखंडाची. पोलादी भांडं आणि गोळ्या झिजतात, तो कीस भुकटीत मिसळतो. ॲसिडनं धुतलं तरी कार्बनच्या आवरणात अडकलेलं लोखंड आतच राहतं. थोडी भुकटी मुशीत पूर्ण जाळून बघा: तळाला तांबूस राख उरली तर ते लोखंड. अशी भुकटी उत्प्रेरक म्हणून चालली, तर ही साधी चाचणी न करता त्याचं श्रेय कार्बनला देणं मला मुळीच पटत नाही.

आरगॉनमध्ये बंद करून फिरवलेलं भांडं गरम असताना कधीही उघडू नका. नव्यानं तुटलेल्या कडा हवेतला ऑक्सिजन झपाट्यानं ओढून घेतात. भुकटी तापते, प्रसंगी पेटते. भांडं पूर्ण निवू द्या, झाकण किंचित सैल करून हवा थोडी थोडी आत जाऊ द्या, मगच उघडा.

थर शाबूत ठेवून पातळ पापुद्रे हवे असतील, तर कोरडं दळण टाळा. द्रवात मार सौम्य बसतो. आणि वहीत नुसते तास लिहू नका. वेग, गोळ्यांचा आकार, गोळ्या आणि भुकटीच्या वजनाचं प्रमाण, मधली विश्रांती, भांडं कशाचं, हे सगळं लिहा. त्यावाचून दुसऱ्याला तीच भुकटी पुन्हा करता येत नाही.